दक्षिण नागपुरातील एक जनऔषधी केंद्र : वर्षभराचा अनुभव

आईच्या मधुमेहाच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या मी गेले वर्षभर आमच्या भागातील एका जनऔषधी केंद्रातून, म्हणजे केंद्र सरकारच्या योजनेतील स्वस्त जेनेरिक (ब्रँडच्या नावाविना विकल्या जाणाऱ्या) औषधांच्या दुकानातून आणतो आहे. दुकान लहान आहे, कपाटे निम्मीच भरलेली असतात आणि बसायला एकच बाक आहे. परंतु काउंटरवरील ताई प्रत्येक पाकिटावर गोळी केव्हा घ्यायची ते लिहून देतात आणि ज्याला वाचता येत नाही त्याच्यासाठी सूर्य किंवा चंद्र काढतात.

या योजनेत औषधाची किंमत आघाडीच्या तीन ब्रँडच्या सरासरी किमतीच्या जास्तीत जास्त 50 टक्के ठेवली जाते, आणि आमचे महिन्याचे बिल खरोखरच निम्म्याखाली आले. स्वस्त औषधाला गुण येत नाही, अशी आईची ठाम समजूत होती. प्रत्येक बॅच प्रयोगशाळेत तपासली जाते, हे सांगूनही ती बधली नाही. तीन महिन्यांनी साखरेचा रिपोर्ट पाहिला तेव्हा कुठे गप्प झाली.

माझी तक्रार साठ्याबद्दल आहे. वर्षभरात तीनदा रक्तदाबाची गोळी संपलेली होती आणि तिन्ही वेळा ‘परवा या’ असे उत्तर मिळाले. माझ्याकडे दुचाकी आहे, त्यामुळे मी दुसऱ्या केंद्रात गेलो. माझ्यामागे उभ्या असलेल्या, धुणीभांडी करणाऱ्या बाईंनाही तेच उत्तर मिळाले; मात्र त्या एका घरचे काम बुडवून, ऑटोचे भाडे देऊन आल्या होत्या, म्हणून त्यांनी शेजारच्या दुकानातून ब्रँडच्या चारच गोळ्या घेतल्या. दर सर्वांना सारखा असला, तरी ती खेप त्यांना माझ्यापेक्षा कितीतरी महाग पडली.

दुसरी अडचण दुकानाच्या हातातली नाही. चिठ्ठीवर ब्रँडचे नाव असेल, तर फार्मासिस्टला त्याऐवजी तोच घटक असलेले दुसरे औषध देण्याची कायद्याने मुभा नाही. डॉक्टरांनी जेनेरिक नाव, म्हणजे औषधातील मूळ घटकाचे नाव, सुवाच्य अक्षरांत लिहावे, असे 2016 पासून वैद्यकीय परिषदेच्या नियमात आहे, तरी आमच्या डॉक्टरांनी ते मी मागितल्यावरच लिहिले. मला मागता आले, कारण काय मागायचे ते मला ठाऊक होते. त्या बाई डॉक्टरांपुढे एवढे बोलतील, असे मला वाटत नाही.

एक रुपयाला एक मिळणारे ‘सुविधा’ सॅनिटरी पॅड येथे काउंटरखाली ठेवलेले असतात. पुरुषांच्या रांगेत उभी असलेली मुलगी ते मागणार कशी, हे चालकांच्या ध्यानात आलेले दिसत नाही.

पाचपैकी साडेतीन गुण. जाण्यापूर्वी फोन करून साठा विचारावा. केंद्र रविवारी बंद असते आणि रोजमजुरीवरच्या अनेकांना तेवढाच दिवस मोकळा मिळतो, म्हणून सकाळचे दोन तास तरी उघडा, असे मी चालकांना सुचवले आहे, ‘बघतो’ म्हणाले.