पाणी काढल्याचे ३,००० आणि विम्याचे ६,६००: घर बदलताना झालेली फसवणूक

गेल्या जूनमध्ये भाडेकराराचे अकरा महिने संपले आणि आम्ही कोथरूडच्या डहाणूकर कॉलनीतून खराडीला राहायला गेलो. सामान बेताचेच होते. काळजी एकाच वस्तूची होती. मी वास्तुरचनाकारांसाठी इमारतींची त्रिमितीय चित्रे तयार करते आणि त्या कामाचा माझा डेस्कटॉप पाण्याने थंड राहणारा आहे. त्यात पंप, छोटी टाकी, ३६० मिलिमीटरचा रेडिएटर, प्रोसेसर व ग्राफिक्स कार्डावर बसवलेले ब्लॉक आणि या सगळ्यांना जोडणाऱ्या ॲक्रिलिकच्या कडक नळ्या आहेत. आत सुमारे एक लिटर निळसर कूलंट, म्हणजे थंड ठेवणारा द्रव, फिरत असतो. ज्या ओळखीच्या मुलाने हे यंत्र जुळवून दिले, तो आता बंगळुरूला असतो. त्यामुळे नळ्यांना स्वतः हात लावण्याचा मला धीर झाला नाही आणि फसवणुकीला तेवढी फट पुरली.

सामान हलवणाऱ्या तीन-चार जणांना फोन केले. त्यांपैकी एकानेच ‘वॉटर कूलिंग’ हा शब्द ऐकल्याबरोबर ओळखला, याचे मला तेव्हा फार कौतुक वाटले. “मॅडम, ही कामं आमच्याकडे रोज असतात. इंजिनीअर पाठवतो, तो पाणी काढून लाकडी पेटीत पॅक करून देईल. इन्शुरन्सही करून टाकू, तुम्ही निर्धास्त राहा,” असे त्या सुपरवायझरने सांगितले. भाडे ११,००० रुपये, पाणी काढणे व लाकडी पेटी यांचे ३,००० आणि यंत्राची किंमत २,२०,००० धरून तिच्या ३ टक्के म्हणजे ६,६०० रुपये विम्याचे, असा एकूण २०,६०० रुपयांचा हिशेब झाला. पैसे यूपीआयने आगाऊ मागितले गेले आणि ते ज्या खात्यात गेले, त्यावर संस्थेचे नव्हे, तर एका व्यक्तीचे नाव होते. हे मला पैसे पाठवतानाच दिसले होते. दिसले आणि मी पुढचे बटण दाबले.

ठरल्या दिवशी छोटा हत्ती आला, त्याबरोबर तीन हमाल आणि एक ‘इंजिनीअर’. त्याच्याकडे स्क्रूड्रायव्हर, चिकटपट्टी आणि पाण्याची रिकामी अर्ध्या लिटरची बाटली एवढीच सामग्री होती. मी स्वयंपाकघरात बरण्या गुंडाळत होते. वीस मिनिटांनी त्याने हाक मारून ती बाटली दाखवली, “हे बघा ताई, सगळं पाणी काढलं.” बाटलीत निळे पाणी होते खरे, पण ती अर्धीही भरलेली नव्हती. यंत्रात एक लिटर द्रव असल्याचे मला ठाऊक होते, तरीही त्या क्षणी एवढी साधी वजाबाकी सुचली नाही. शिवाय तोपर्यंत त्याने यंत्राचा पूर्ण टॉवर बबल रॅप आणि प्लास्टिकच्या फिल्ममध्ये गुंडाळून टाकला होता, त्यामुळे टाकी दिसण्याचा प्रश्नच नव्हता. पेटीचे विचारले तेव्हा “ती खाली टेम्पोत आहे, तिथेच खिळे मारतो,” असे उत्तर मिळाले.

त्याने प्रत्यक्षात काय केले होते, ते नंतर उलगडले. गोड्या तेलाच्या पत्र्याच्या डब्याला एकाच बाजूला भोक पाडले, तर धार अडखळते आणि थांबते. हवा आत शिरायला दुसरे भोक लागते. या यंत्रातही तळाची तोटी उघडण्याबरोबर टाकीच्या वरचे झाकण सोडावे लागते आणि मग टॉवर सावकाश चारी बाजूंना कलता करून रेडिएटरमधले व ग्राफिक्स कार्डाच्या ब्लॉकमधले पाणी बाहेर काढावे लागते. माझ्या टाकीच्या झाकणावर वर्षभराची धूळ जशीच्या तशी होती, बोटाचा एक ठसासुद्धा नव्हता.

खराडीत टेम्पो पोहोचला तेव्हा पाऊस पडत होता. लाकडी पेटी नव्हतीच. टॉवर फ्रिजच्या जुन्या खोक्यात काचेच्या बाजूवर आडवा टाकलेला होता आणि वर गाद्या रचलेल्या होत्या. खोक्याचा तळ ओला होता. सुपरवायझर म्हणाला, “पावसाचं पाणी आहे, मॅडम.” हमालांना दुसरी खेप गाठायची आहे, अशी घाई लावून त्याने ‘माल सुस्थितीत मिळाला’ या छापील ओळीखाली माझी सही घेतली. ते गेल्यावर मी खोके उजेडात नेले. पुठ्ठ्यावरचा डाग निळा होता.

तेवढे पाहिल्यावर मी यंत्र सुरू केले नाही, हीच त्या दिवसातली एकमेव शहाणपणाची गोष्ट. ग्राफिक्स कार्डाजवळची नळी जोडातून निसटली होती आणि उरलेले कूलंट कार्डावरून पॉवर सप्लायच्या झाकणापर्यंत ओघळले होते. बंगळुरूच्या त्या मुलाने व्हिडिओ कॉलवर सांगितल्याप्रमाणे प्रत्येक भाग सुटा केला, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसला आणि चार दिवस पंख्याखाली वाळवला. मदरबोर्ड वाचला, कार्ड गेले. द्रवामुळे बिघडलेल्या कार्डाला उत्पादकाने वॉरंटी नाकारली. कार्ड, ब्लॉक आणि नव्या नळ्या मिळून ७४,००० रुपये गेले.

आता विम्याविषयी. मी पॉलिसी क्रमांक मागितला, तेव्हा “वरून येईल” असे आठवडाभर सांगण्यात आले आणि त्यानंतर फोन लागेनासा झाला. बिल्टी, म्हणजे वाहतूकदाराने दिलेली मालाची पावती, नीट वाचली, तर तिच्यावर विमा हा शब्दच नव्हता. ६,६०० रुपयांसमोर ‘एफओव्ही’ एवढेच लिहिलेले होते, म्हणजे मालाच्या किमतीवर लावलेला आकार. तो वाहतूकदाराने स्वतःच्या नावाने घेतलेला पैसा असतो. आपल्याकडे विम्याचा व्यवसाय आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेकडे नोंदलेल्या कंपनीलाच करता येतो, त्यामुळे कंपनीचे नाव व पॉलिसी क्रमांक नसलेला कागद हा विमा नव्हे. गंमत अशी की रस्त्यावरून जाणाऱ्या मालाचा खरा विमाही ‘मरीन’ याच शाखेत मोडतो. कोथरूड ते खराडी प्रवासात नदी ओलांडण्यापुरताच काय तो जलप्रवास. आणि त्यातल्या सर्वांत व्यापक कलमांतही अपुऱ्या पॅकिंगमुळे झालेले नुकसान वगळलेले असते. म्हणजे पॉलिसी खरी असती, तरी न उपसलेल्या यंत्रासाठी मला भरपाई मिळण्याची खात्री नव्हतीच.

बिल्टीवरचा जीएसटी क्रमांक संकेतस्थळावर टाकून पाहिला. महाराष्ट्रातील क्रमांकाची सुरुवात २७ ने होते. हा ०७ ने, म्हणजे दिल्लीच्या आकड्याने सुरू होत होता आणि हार्डवेअर विकणाऱ्या भलत्याच दुकानाच्या नावावर होता. वाकडमधल्या छापील पत्त्यावर बंद शटर होते. शेजारच्या झेरॉक्सवाल्याने माझ्या हातातला कागद पाहून वर न बघताच सांगितले, “ते इथे नाहीत.” हे वाक्य त्याने बरेचदा उच्चारले असावे.

या शोधात एक गोष्ट कळली, ती आधी माहीत असती तर बरे झाले असते. २००७ च्या रस्ते मालवाहतूक कायद्याप्रमाणे भाड्याने माल वाहणाऱ्याला नोंदणी घ्यावी लागते आणि मालाच्या नुकसानीची जबाबदारी त्याच्यावर असतेच. जास्त जोखमीचा वेगळा दर दिला नसेल, तर २०११ च्या नियमांनुसार तिची मर्यादा भाड्याच्या दहापट असते. माझे भाडे ११,००० होते. म्हणजे ते ६,६०० रुपये न देताही १,१०,००० पर्यंतचे नुकसान मला मागता आले असते, आणि माझे नुकसान त्याहून कमी आहे. मात्र बुकिंगच्या तारखेपासून १८० दिवसांच्या आत लेखी नोटीस द्यावी लागते. तोंडी भांडण मोजले जात नाही.

वर्णन केलेल्या प्रकारचे यंत्र असेल, तर पाणी काढताना शेजारी उभे राहावे, निघालेले पाणी मापाच्या भांड्यात मोजावे आणि रिकाम्या टाकीचा फोटो काढल्याशिवाय गुंडाळू देऊ नये. काच काढून वेगळी न्यावी. ग्राफिक्स कार्ड नळ्यांतून सोडवता येत असेल, तर तेही काढावे. येत नसेल तर टॉवर मदरबोर्डची बाजू खाली येईल असा आडवा ठेवावा, म्हणजे कार्डाचे वजन खाचेवर लोंबकळत नाही. हार्ड डिस्क आपल्या पिशवीत असावी. कारखान्यातून बंद होऊन आलेले तयार कूलर या उपसण्याच्या भानगडीत पडत नाहीत. त्यांचे स्क्रू घट्ट आहेत एवढे पाहिले की पुरते. नव्या घरी पाणी भरल्यावर बाकी सर्व वायरी सोडवून फक्त पंप चालवावा, प्रत्येक जोडाखाली टिश्यूची घडी ठेवावी आणि एक दिवस ती कोरडी राहिली, तरच मदरबोर्डला वीज द्यावी. मी या वेळी तसेच केले. पहिल्या रात्री रेडिएटरखालची घडी ओली निघाली, जोडातली एक ओ-रिंग (रबरी कडी) बदलावी लागली.

नोटीस रजिस्टर पोस्टाने पाठवली. ती ‘पत्त्यावर सापडत नाहीत’ असा शेरा घेऊन परत आली, पण पाकीट मी फोडलेले नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर नोंद केली आणि पुणे जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल केली. आपण राहतो तिथल्या आयोगात ती करता येते, आणि सेवेसाठी दिलेला मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क पडत नाही. ज्या यूपीआय खात्यात पैसे गेले, त्याच्या नावावरून विरुद्ध पक्षाचा माग लागेल, असे वकील म्हणतात. निळ्या डागाचा पुठ्ठा आणि ती अर्धी बाटली दोन्ही कपाटात आहेत, पुढच्या तारखेला घेऊन जायची आहेत.