आयसेलमेअरवर शिडाचं जहाज भाड्याने: काय पदरात पडतं

नेदरलँड्समधल्या आयसेलमेअरवर एन्कहाउझन, स्टाव्होरेन अशा बंदरांतून जुनी मालवाहू शिडाची जहाजं गटाला भाड्याने मिळतात. सोबत कप्तान आणि बहुधा एकच खलाशी. शिडं चढवणं, दोर आवरणं, स्वयंपाक, भांडी हे सगळं पाहुण्यांच्या अंगावर. क्रूझ समजून गेलात तर चिडून परत याल. अंगमेहनतीची हौस असेल तर पैसे वसूल.

1932 साली 32 किलोमीटरचा बांध पुरा झाला आणि समुद्राचा हा फाटा गोड्या पाण्याचं तळं झाला. भरती-ओहोटी गेली, उथळपणा राहिला. बऱ्याच ठिकाणी खोली जेमतेम चार-पाच मीटर. त्यामुळे वारा वाढला की लाटा आखूड आणि उभ्या येतात, एकीतून सावरेपर्यंत दुसरी आदळते. तळ्यात कसली बोट लागतेय, या भ्रमात राहू नका.

या पाण्यासाठीच जहाजांचे तळ सपाट. खाली खोल कणा नाही, म्हणून दोन्ही कुशींना मोठी पाती टांगलेली असतात. वाऱ्याआडचं पातं पाण्यात सोडलं नाही तर जहाज आडवं सरकत राहतं. वळलं की हे वर, ते खाली. वाऱ्याकडचं पातं उचलायचं राहिलं तर पाणी त्याला कुशीपासून बाहेर रेटतं आणि सगळा ताण वरच्या जोडावर येतो. सोडलेल्या पात्याचा दोर अचानक सैल पडला, तर ते तळाला टेकलंय. लगेच ओरडून सांगा.

खरी गंमत मोठं शीड चढवताना. वरच्या तिरक्या काठीला दोन दोर: एक डोलकाठीजवळच्या टोकाला, दुसरा बाहेरच्या. दोन गटांनी काठी आडवी राखत वर न्यायची. बाहेरच्या गटाला जोर चढला की काठी आधीच उभी होते, डोलकाठीला धरणारा तिचा जबडा अडकतो आणि मग दहा जण लोंबकळले तरी इंचभर हलत नाही. उपाय एकच: बाहेरचा दोर थोडा सोडा. दोर हाताला मात्र कधीच गुंडाळू नका.

वळणं संथ असतात. नाक वाऱ्यातून पार होईपर्यंत पुढचं शीड उलट बाजूला धरून ठेवावं लागतं. घाईने सोडलंत तर जहाज वाऱ्यात तोंड खुपसून उभं राहतं.

2016 मध्ये हार्लिंगेनजवळ अशाच एका जहाजाची कुजलेली लाकडी डोलकाठी तुटून तिघांचा जीव गेला. तेव्हा आगाऊ रक्कम भरण्याआधी डोलकाठ्यांची शेवटची तपासणी कधी झाली, हे बेधडक विचारा. उत्तर गुळमुळीत आलं तर दुसरं जहाज बघा.

बंदराचं शुल्क, डिझेल आणि अंथरूण-पांघरूण भाड्यात धरलंय का, तेही लिहून घ्या. पाण्याची टाकी मोजकीच, अंघोळ दोन मिनिटांत उरकायची. एका रात्रीचं बुकिंग नको: पहिला दिवस दोर ओळखण्यातच जातो, आणि दुसऱ्या दिवशी वारा पडला तर परतीला नुसतं इंजिनच ऐकावं लागतं.