नवा ब्राउझर टाकायला गेलो आणि ९८,६९२ रुपये गेले

आधी आकडे. १,१८० रुपये 'लायसन्स फी', ४९,००० रुपये त्याच संध्याकाळी आणि ४८,५१२ रुपये दुसऱ्या दिवशी सकाळी. यातला शेवटचा आकडा नीट लक्षात ठेवा, कारण तो मी बँकेला फोन करून तक्रार नोंदवल्यानंतर गेला आहे.

घरचा कॉम्प्युटर विंडोज ७ चा. सोसायटीचे हिशेब, प्रिंटर, सगळं त्यावर नीट चालतं, म्हणून बदलला नव्हता. पण क्रोमची १०९ ही त्यावर चालणारी शेवटची आवृत्ती, आणि २०२३ पासून पुढचं काही मिळत नाही. बऱ्याच साइट 'ब्राउझर जुना आहे' म्हणून उघडेनात. म्हटलं, दोन-तीन ब्राउझर टाकून बघू, चालेल तो ठेवू. आधी फायरफॉक्स ब्राउझर सर्च केला. सगळ्यात वरची लिंक जाहिरातीची होती. लोगो तोच, रंग तोच, मोठं डाउनलोडचं बटण. कोणीही फसेल असं पान होतं.

फाइल चालवताना विंडोजने पिवळ्या पट्टीची चौकट दाखवली: प्रकाशक अज्ञात. इथेच थांबायला हवं होतं. ती चौकट अजून डोळ्यांसमोरून जात नाही. पण प्रिंटरचा ड्रायव्हर टाकतानाही हीच चौकट येते आणि आपण वर्षानुवर्षं 'येस' दाबत आलोय. खरी फायरफॉक्सची फाइल असेल तर राइट क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये डिजिटल सिग्नेचर्सखाली मोझिला कॉर्पोरेशन असं तो बनवणाऱ्या कंपनीचं नाव दिसतं. एवढं बघायला दहा सेकंद लागतात. हे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून मी सांगतोय.

पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. स्क्रीनभर निळा इशारा, भोंगा, 'बंद करू नका' आणि हेल्पलाइनचा नंबर. असं झालं तर कंट्रोल-ऑल्ट-डिलीट करून टास्क मॅनेजरमधून ते बंद करा, नाही जमलं तर सरळ स्विच बंद करा. इंटरनेटची वायर आधी काढा. त्या नंबरवर फोन करू नका.

मी केला. समोरचा माणूस स्वच्छ मराठीत, "काका, घाबरू नका, मी आहे ना." स्क्रीन शेअर करायला लावली. फी हजार रुपये, वर १८ टक्के जीएसटी. जीएसटी लावतोय म्हणजे कंपनी खरी असणार, असंच वाटलं. पैसे डेबिट कार्डाने भरले. मग 'रिफंडची नोंद' करायला नेटबँकिंग उघडायला लावलं. मोबाइलवर ओटीपी आला. ओटीपी कोणाला द्यायचा नसतो हे मलाही माहीत आहे. पण एकीकडे भोंगा, एकीकडे हा, "काका, मेसेज नंतर वाचा, फक्त सहा आकडे सांगा, सेशन जाईल." मी सांगितले आणि ४९,००० गेले. त्या मेसेजमध्ये स्पष्ट लिहिलं होतं: नवीन लाभार्थी जोडण्यासाठी, म्हणजे पैसे पाठवायला नवं खातं जोडण्यासाठी. आकड्यांच्या आधीचे ते शब्द वाचा. प्रत्येक वेळी वाचा.

रात्री लगेच बँकेला फोन केला: कार्ड आणि नेटबँकिंग दोन्ही बंद करा. तक्रार क्रमांक मिळाला. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवरही नोंद केली. तरी सकाळी कार्डावरून परदेशी साइटवर ४८,५१२ गेले, ओटीपी न येता. नेटबँकिंगमध्ये असताना त्यांनी कार्डाचे परदेशी व्यवहार चालू करून ठेवले होते. म्हणजे बँकेने कार्ड बंद केलंच नव्हतं! शाखेत गेलो तर एकच पालुपद, "सर, ओटीपी तुम्हीच दिलात ना?" अहो, तो ४९,००० चा. दुसरा व्यवहार तुमच्या हातात होता. रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात स्पष्ट म्हटलंय की तक्रार नोंदवल्यानंतरचं नुकसान बँकेचं. छापील प्रत साहेबांसमोर ठेवली, तर त्यांनी ती उचललीसुद्धा नाही. पोलीस ठाण्यात गेलो तर "सायबरकडे जा", सायबरकडे गेलो तर "आधी तुमच्या हद्दीत जा". १ जुलै २०२४ पासून कायदाच आहे की दखलपात्र गुन्ह्याची खबर हद्द न बघता घ्यायची. पण हे त्यांना आपणच सांगायचं, आणि वर त्यांचा चढा आवाज ऐकायचा.

प्रयोग करायचेच असतील तर व्हर्च्युअलबॉक्स, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत वेगळा कॉम्प्युटर चालवणारा प्रोग्राम, फुकट मिळतो, त्यात करा. विंडोजचा स्वतःचा असाच सँडबॉक्स होम आवृत्तीत येत नाही, प्रो लागतं. विंडोज ७ वर तर नाहीच. ज्या कॉम्प्युटरवर अनोळखी फाइली चालवता, त्यावर बँक उघडू नका. ब्राउझरमध्ये पासवर्ड साठवून ठेवू नका.

४८,५१२ मी सोडणार नाही. बँकेने तक्रार फेटाळली किंवा ३० दिवसांत उत्तर दिलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. मी केली आहे. सोबत रात्रीच्या फोनचा तक्रार क्रमांक, कॉल लॉगचा स्क्रीनशॉट आणि सकाळच्या व्यवहाराचा मेसेज जोडला आहे, तिन्हीवर वेळ दिसते.