बटेरच्या पिल्लांची प्रोबायोटिक पावडर : माल चांगला, पॅकिंग कोकणाच्या दमट हवेचं नाही

दुकानदार ही पावडर औषध म्हणून हातात देतो आणि डब्यावर पण असं लिहिलंय की जणू सगळे रोग पळून जातील, ते आधी डोक्यातून काढा. हे औषध नाही, चांगले जिवंत जंतू पोटात सोडून आतड्यात जागा अडवायचं काम आहे. अंडी उबवायच्या मशीनमधून निघालेलं बटेरचं पिल्लू म्हणजे सात-आठ ग्रॅमचा जीव, आई नाही, आतडं जवळजवळ रिकामं, आणि तिथे जो जंतू आधी पोचेल तो बसणार, एसटीत खिडकीतून रुमाल टाकून सीट धरतात तसंच. फिनलंडच्या नुर्मी आणि रंताला यांनी १९७३ मध्येच दाखवलेलं की मोठ्या कोंबड्याच्या आतड्यातले जंतू पिल्लांना पाजले तर साल्मोनेला ह्या रोगजंतूला आत शिरायला जागा राहत नाही. म्हणून पहिल्या पाण्यातूनच द्यायची, पिल्लं मलूल झाल्यावर डबा आणून काय उपयोग?

आता पाण्याचं. नळाच्या पाण्यात टीसीएल, म्हणजे जंतू मारायची क्लोरीनवाली पावडर असते, ती आपले चांगले जंतू पण मारते, त्यात ही पावडर टाकली की पैसे पाण्यात, अक्षरशः. मी विहिरीचं पाणी उकळून, पूर्ण गार करून वापरतो, पावसात विहीर गढूळ होते म्हणून उकळणं आलंच. रोज ताजं करायचं, आणि भांड्यात गोटे टाका हो, नाहीतर एवढीशी पिल्लं त्यातच बुडून मरतात.

घेताना मागचं लेबल वाचा. बॅसिलस सबटिलिसवाली घेतली तर बरं, त्याचे स्पोअर, म्हणजे टणक कवचात झोपलेले जंतू, गरमी सहन करतात. नुसती लॅक्टोबॅसिलसवाली नाजूक असते, आणि आमच्याकडे मृग लागला की लाइट कधी जाईल सांगता येत नाही, फ्रीजच्या भरवशावर कोण राहणार.

फरक पडला का? पडला. मागे घाण चिकटलेली पिल्लं बरीच कमी दिसली, मर पण कमी वाटली. पण ह्या वेळी पिल्लांखालचं तूस वेळेवर बदललं, ब्रूडरला (पिल्लांना ऊब द्यायची जागा) ३५ डिग्रीच्या आसपास ऊब नीट ठेवली, त्यामुळे सगळं श्रेय काय डब्याला देणार नाही. ओल्या तुसावर अमोनियाचा वास मारतोय आणि वरून प्रोबायोटिक पाजताय तर राहू द्या.

रक्ताची हगवण दिसली तर ती बहुतेक कॉक्सिडिया, म्हणजे आतड्यातले बारीक परजीवी, त्याला ही पावडर पुरत नाही. पिल्लं पटापट मरायला लागली तर मेलेलं पिल्लू घेऊन सरळ पशुवैद्यकीय दवाखाना गाठा, आतड्याच्या अल्सरचा एक रोग तर बटेरांत एवढा की इंग्रजीत त्याला नावच क्वेल डिसीज पडलंय. अँटिबायोटिक चालू असताना ही देऊ नका, त्यात हे जंतू पण मरतात, कोर्स संपल्यावर मात्र जरूर द्या.

चार स्टार. एक कापला तो झाकणासाठी, जुलैच्या दमट हवेत एकदा उघडला की आत गुठळ्याच गुठळ्या, मी काढून बरणीत भरतो. थोडी पिल्लं असतील तर लहान पाकीटच मागा, मोठा डबा संपेपर्यंत तारीख उलटते.