येझदी 12 व्होल्ट करायला गेलो, 17,490 रुपये आणि बाबांचा डायनमो घालवून बसलो

लिहायलाच लाज वाटते. मी नाशिकच्या अंबडला कंपनीत पंधरा वर्षं मेंटेनन्सला आहे, मीटर रोज हातात असतो, आणि मलाच गंडवलं. बाबांची 1979 ची येझदी 250, 6 व्होल्टवाली, हेडलाइट म्हणजे देवापुढची समई. म्हणलं एकदाच 12 व्होल्टचं सीडीआय किट, म्हणजे ठिणगी इलेक्ट्रॉनिक पद्धतीने पाडणारं, टाकू, ठिणगीचे पॉइंट घासायची कटकट पण जाईल. मित्राच्या ओळखीतून एक मेकॅनिक भेटला, गोड बोलणारा, शेडमध्ये चार जुन्या गाड्या उभ्या, कुणाचाही विश्वास बसला असता. 16,000 ठरले, 9,000 ॲडव्हान्स फोनवरून टाकले, ते पण त्याच्या मेव्हण्याच्या नंबरवर. हो, माहितीये, तिथेच थांबायला पाहिजे होतं.

पण खरी चूक डिलिव्हरीच्या दिवशी झाली. साइड कव्हर उघडं होतं, कॉइल प्लेटवर काळा रंग, वास अजून ओला, आणि स्क्रूच्या खाचा घासलेल्या. नवीन किटच्या स्क्रूच्या खाचा कधी घासलेल्या असतात का? मला दिसलं हो, डोळ्यांनी दिसलं! विचारणार तेवढ्यात हा म्हणतो, "दादा, जुना डायनमो भंगारच आहे, 500 वजा करतो." आणि मी खूश. गाडीची वीज बनवणारा तो अख्खा डायनमो, आर्मेचर, फील्ड कॉइल, कटआउट सगळं त्याला देऊन वर 6,500 कॅश मोजले. बॅटरीचे 1,450 वेगळे.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी त्र्यंबकहून येताना अंजनेरीच्या पुढे ॲक्सिलेटर पिळला, लाइट भक्कन पांढरा झाला आणि बल्ब गेला. मागे बायको, समोरून बस. दुसरा बल्ब चार दिवसांत गेला. 120 चे दोन. मग हॉर्न बसला. सातपूरच्या एका म्हाताऱ्या ऑटो इलेक्ट्रिशियनने 300 घेऊन मीटर लावला, बॅटरीवर 11.8 व्होल्ट, रेस दिली तरी 11.8. चार्जिंग होत असतं तर 14 च्या आसपास जायला पाहिजे. व्होल्टेज आवरणारा रेग्युलेटर फोडला तर आत नुसतं एम-सील, वायरी कशालाच जोडलेल्या नाहीत. कॉइल कुठल्यातरी जुन्या मोपेडची. डिलिव्हरी घेताना हा मीटर मी का लावला नाही? घरी दोन पडलेत! रविवार होता, घाई होती, जाऊ दे.

पोलिसांकडे गेलो तर "हा सिव्हिल मॅटर आहे". 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन केला तर तुम्ही स्वतःहून पैसे पाठवलेत, काम पण करून घेतलंत, मग सायबर फ्रॉड कसा. 1915 या ग्राहक हेल्पलाइनला लावला तर बिल आहे का. अहो, बिल देणारा माणूस एम-सील भरून विकेल का? परत पोलीस, साहेब बंदोबस्ताला, उद्या या. तीन रजा गेल्या. एकाने तर वर ज्ञान दिलं, एवढी जुनी गाडी ठेवताच कशाला. आता जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करतोय, पाच लाखांपर्यंत फी नाही एवढंच बरं, पुरावा म्हणून पेमेंटचा स्क्रीनशॉट आणि फोडलेला रेग्युलेटर.

बिल नसेल तर ॲडव्हान्स देऊच नका. आणि काढलेला जुना पार्ट, सडका का असेना, पिशवीत घालून घरी आणा, कारण तसलाच वापरलेला डायनमो मला एकाने साडेआठ हजार सांगितला.

माझ्या डायनमोच्या बॉडीवर मागच्या बाजूला बाबांनी खिळ्याने 'द' कोरलाय. कुठे विकायला आलेला दिसला तर कळवा, पैसे देऊन परत घेईन.