गोल्फची पँट शिवायची तर सदरच्या मास्तरांकडे

नागपुरात गोल्फ खेळणाऱ्या बाईने रेडिमेड पँटवर पैसे घालवू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. सदरला रेसिडेन्सी रोडवरून आत वळलं की गल्लीत एक जुनं जेन्ट्स टेलरिंगचं दुकान आहे, तिथे जावं. बायकांचे कपडे मास्तर एरवी शिवत नाहीत. मी काय खेळते, कसं खेळते हे नीट ऐकून घेतल्यावरच त्यांनी माझं काम हाती घेतलं.

18 होलची, म्हणजे चेंडू घालायच्या 18 खड्ड्यांची, फेरी म्हणजे चार तासांच्या आसपास वेळ आणि आठ-दहा किलोमीटर चाल. स्विंगला, म्हणजे काठी फिरवून फटका मारताना, कंबर पूर्ण फिरते, ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर) उतार पाहायला उकिडवं बसावं लागतं. हे सांगितल्यावर मास्तर म्हणाले, "मग बसून दाखवा बरं मॅडम. उभ्यानं माप घेऊन काय होते?" मी दुकानातच उकिडवी बसले आणि त्यांनी मागून पट्टा किती खाली सरकतो ते टेपने पाहिलं. त्या हिशेबाने मागची बाजू पुढच्यापेक्षा उंच कापली आणि आसनाला जागा सोडली. बेल्टपट्टीच्या आतून रबरी ग्रिपर लावला. स्विंग संपताना हात वर जातात तेव्हा खोचलेला टी-शर्ट त्यामुळे बाहेर येत नाही. महागड्या ब्रँडच्या पँटमध्येही मला हे इतकं नेमकं मिळालेलं नाही.

पण खरी गोष्ट खिशांची. बायकांच्या रेडिमेड पँटला खिसा म्हणजे नुसती चीर असते, बोटं आत जातात तेवढीच. गोल्फचा चेंडू नियमाने 42.67 मिलिमीटरपेक्षा लहान चालत नाही, आणि खिशात एक जादा चेंडू हवाच. 2019 पासून चेंडू शोधायला 3 मिनिटंच मिळतात, पूर्वी 5 मिळायची. फटका गवतात गेला असं वाटलं तर शोधायला निघण्याआधी प्रोव्हिजनल चेंडू, म्हणजे पहिला न सापडल्यास धरायचा दुसरा चेंडू, मारून ठेवलेला बरा, आणि तेव्हा बॅग वाहणाऱ्या कॅडीकडून ती मागवत बसलं तर मागचा गट खोळंबतो. मास्तरांनी दोन्ही बाजूंना पूर्ण हात जाईल असे क्रॉस खिसे दिले. डाव्या खिशात आत एक छोटा चोरखिसा केला, त्यात मार्कर, म्हणजे ग्रीनवर चेंडू उचलताना त्याची जागा दाखवायला ठेवायची चकती, राहतो. टीचं, म्हणजे चेंडू ज्यावर ठेवून मारतात त्या खुंटीचं, टोक अस्तराला भोक पाडतं हे मी सांगितलं नव्हतं. त्यांनी नमुन्याची टी बोटात फिरवून पाहिली आणि खिशाच्या थैलीला जाड कापड वापरलं. मागचा एक खिसा स्कोअरकार्डाच्या मापाचा आहे, दुसऱ्यात ग्लोव्ह.

कापड आपलं आपण न्यायचं. मी गांधीबागेच्या कापडबाजारातून घेते. पहिल्यांदा शुद्ध सुती नेलं होतं, ते त्यांनी बाजूला ठेवलं: "कुसळं धरते हे." खरंच आहे, पावसाळा संपला की रफमधून, म्हणजे कडेच्या वाढलेल्या गवतातून, चालताना सुती कापड आणि मोजे कुसळांनी भरून जातात. त्यांच्या सांगण्यावरून पॉलिव्हिस्कोस घेतलं, थोडं लायक्रा असलेलं, गुळगुळीत विणीचं. कुसळं हाताने झटकली की जातात, आणि डिसेंबरच्या दवात भिजलेली पँटची मोहरी दोन-तीन होलमध्ये वाळते. रंग खाकी किंवा राखाडीच घ्या. आपल्या काळ्या मातीपुढे पांढऱ्या पँटचा निभाव लागत नाही.

शिलाई 750 रुपये, एक ट्रायल त्यातच. ट्रायलची जागा म्हणजे पडद्यामागचा कोपरा, तिथे पूर्ण उंचीचा आरसा नाही. लग्नसराईत दिलेली तारीख पाळली जात नाही, माझी एक पँट त्यात चांगलीच रखडली होती. या दोन्ही गोष्टी त्यांनी सुधारायला हव्यात.

टी-शर्ट मात्र त्यांच्याकडून नको, तो तयारच घ्यावा. कॉलर हवी, बऱ्याच क्लबांत तिच्याशिवाय चालत नाही, आणि मानेवरचं ऊनही ती अडवते. लेबलवर यूपीएफ 50 पाहून घ्या, म्हणजे अतिनील किरणांचा पन्नासावा हिस्साच आत येतो. पातळ पांढरं सुती कापड घामाने भिजलं की उलट जास्त ऊन आत सोडतं. 2013 च्या मे महिन्यात पारा 47.9 अंशांवर गेलेल्या शहरात ही चैन नाही. उन्हाळ्यात आम्ही पहाटेच सुरू करतो, तरी शेवटच्या चार होलना डोकं तापतं. टोपी रुंद काठाची, कान झाकणारी, हनुवटीखाली दोरी असलेली घ्या. तोंडाला स्कार्फ बांधून गाडीवरून येणं ठीक, पण खांद्यावर त्याची गाठ राहिली तर स्विंगला अडते. तो बॅगेत ठेवावा, किंवा ओला करून मानेवर घ्यावा.

ग्लोव्हवर पैसे वाचवू नका. उजव्या हाताने खेळणाऱ्याला तो डाव्या हातात लागतो. मेंढीच्या मऊ चामड्याचा ग्लोव्ह पकडीला सर्वांत छान, पण घामाने कडक होतो. एप्रिल-मेमध्ये दोन ग्लोव्ह ठेवून आलटून पालटून घालावेत आणि सावलीत वाळवावेत. बूट प्लास्टिक स्पाइकचे बरे. जुलैत ओल्या उतारावर साध्या स्पोर्ट्स बुटांनी पाय सरकतो, आणि स्पाइकमध्ये अडकलेली चिकट माती काढायला बॅगेत जुना ब्रश हवा.

मास्तरांकडे मापाला जाताना हेच बूट सोबत न्या. ते बूट घालायला लावूनच पँटची उंची ठरवतात आणि दवासाठी मोहरी टाचेपासून बोटभर वर ठेवतात. दुपारी दीड ते तीन दुकान बंद असतं.