गुठळी पुन्हा होईल का? ‘हरडू-टू’ आणि ‘डॅश’

उघड कारणाशिवाय पायात गुठळी झालेल्या, सहा महिने रक्त पातळ करणारी गोळी घेतलेल्या एका ताईंनी विचारले की, पुढचा धोका ‘हरडू-टू’ने मोजावा की ‘डॅश’ने. गुठळी पुन्हा होण्याचा धोका गुण देऊन मोजणाऱ्या या दोन पद्धती; गुण जास्त, तर धोका जास्त. डी-डायमर, म्हणजे गुठळी विरघळताना रक्तात येणाऱ्या अंशाची तपासणी, दोन्हींत लागते. पण हरडू-टूसाठी ते गोळी चालू असतानाच तपासतात, तर डॅशसाठी गोळी बंद करून सुमारे महिनाभर थांबावे लागते, आणि तो महिना संरक्षणाविना जातो, हे मला खटकते. हरडू-टू पायही पाहते: काळवंडलेली, लाल वा सुजलेली पोटरी असल्यास एक गुण. त्यामुळे ताईंसाठी तेच सोयीचे. पुरुषांना मात्र ते लागू नाही. त्यांनी, विशेषतः पासष्टीच्या आतल्यांनी, डॉक्टरांशी बोलून डॅशचा विचार करावा.